श्मायकेल, वान डर सार की डे हेआ?

आज संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर क्रिकेट सोडून भलत्याच विषयावर जुंपली. मँचेस्टर युनायटेडचा सगळ्यात भारी गोलकीपर कोण?

पोरं डे हेआवर अडून बसलेली. डिसेंबर २०१७, आर्सेनलच्या घरी १४ सेव्ह! लाकाझेटचा फटका अडवला, लगेच सांचेझचा पायाने. मान्य, ती मॅच त्यानेच काढली. पण आमच्या वयाच्यांचं दैवत श्मायकेल. १९९९ च्या चॅम्पियन्स लीग फायनलला नेहमीचा कॅप्टन कीन बाहेर, म्हणून कॅप्टन हाच. एका गोलने मागे, वेळ संपलेली, आणि हा गडी कॉर्नरला थेट समोरच्या टीमच्या, बायर्न म्युनिकच्या बॉक्समध्ये! बचावपटूंवर ओरडायचा तर असा, की टीव्हीसमोर आपणच दचकायचो.

माझं मत मात्र वान डर सारला. २००८-०९ मध्ये लीगच्या सलग १४ मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नाही. आणि त्याआधी मॉस्कोत, २००८ च्या चॅम्पियन्स लीग फायनलच्या पेनल्टी शूटआउटमध्ये, चेल्सीच्या अनेल्कासमोर शांतपणे डावीकडे बोट दाखवलं, तिकडेच मारणार ना म्हणून. अनेल्काने दुसरीकडे मारला. बाबा तिथे हजर! याच्या खेळात उगाच उड्याबिड्या नाहीत, म्हणून रील्सवर दिसत नाही बिचारा.

इतका वेळ गप्प बसलेले काका म्हणाले, "आणि स्टेपनी? १९६८ च्या युरोपियन कप फायनलला बेनफिकाच्या युसेबिओचा फटका छातीशी धरला होता. युसेबिओने टाळ्या वाजवल्या त्याला." पोरांनी लगेच मोबाइल काढले. काका तेवढ्यात त्याच्याही आधीच्या गोलकीपरवर, हॅरी ग्रेगवर पोचलेसुद्धा.