पाऊस उभा कापून बघताना

गेले काही आठवडे रात्री सगळं आवरलं की मी ड्युअल-पोल (आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणाऱ्या) हवामान रडारचा डेटा उघडून बसतेय, आणि त्या नादात मोबाईलवरच्या पावसाच्या हिरव्या-पिवळ्या-लाल नकाशावरचा माझा विश्वास बराच डळमळलाय. नकाशा खोटा नसतो हो, पण तो पाऊस वरून दाखवतो आणि पावसाची खरी भानगड असते वर-खाली.

साधं रडार फक्त आडवी लहर सोडतं आणि परत किती आलं तेवढं मोजतं, म्हणजे रिफ्लेक्टिव्हिटी. गोची अशी की हा परतावा थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर चालतो, म्हणून ३ मिमीचा एक थेंब आणि १ मिमीचे ७२९ थेंब रडारला सारखेच दिसतात. आता बोला! ड्युअल-पोलमध्ये आडवी आणि उभी अशा दोन्ही लहरी असतात. मोठा थेंब पडताना हवेच्या दाबाने चपटा होतो (चित्रात काढतात तसा टोकदार थेंब पावसात नसतोच, आणि हे मला फार उशिरा कळलं) त्यामुळे आडवा परतावा उभ्यापेक्षा जास्त येतो. हा फरक म्हणजे झेडडीआर. सेलिगा आणि ब्रिंगी यांनी ही कल्पना १९७६ मध्ये मांडली. बारीक रिमझिम असेल तर झेडडीआर शून्याच्या आसपास, टपोरे थेंब असतील तर २-३ डीबी (डेसिबल). दुसरा आकडा रो-एचव्ही, दोन्ही परतावे एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा. निव्वळ पाऊस असेल तर ०.९८ च्या वर, आणि वेगवेगळ्या आकाराची, पाणी-बर्फाची खिचडी झाली की घसरतो.

मला खरी मजा आली ती क्यूव्हीपीमध्ये, म्हणजे क्वासी-व्हर्टिकल प्रोफाइलमध्ये. रडार २० अंशांच्या कोनात वर बघत एक पूर्ण गोल फिरतं, त्या गोलावरच्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढायची आणि अंतराऐवजी उंचीवर मांडायची, बस. दर काही मिनिटांनी अशी एक उभी पट्टी मिळते, पट्ट्या शेजारी-शेजारी लावल्या की ढग आडवा कापून ठेवल्यासारखा, चुकले, उभा कापून ठेवल्यासारखा समोर येतो.

शांत, पसरलेला पाऊस असेल तर वरून खाली येताना काय दिसतं बघा. तापमान उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं तिथे झेडडीआर अचानक वाढतो पण रिफ्लेक्टिव्हिटी अजून कमीच असते, कारण तिथे चपटे, फांद्या फुटलेले स्फटिक जोमाने वाढत असतात. जरा खाली आलं की उलटं, रिफ्लेक्टिव्हिटी वाढते आणि झेडडीआर पडतो. म्हणजे स्फटिक एकमेकांत अडकून मोठे, भुसभुशीत पुंजके झाले. मग शून्य अंशाची रेषा ओलांडली की पुंजके वितळायला लागतात, बाहेरून ओले होतात आणि रडारला भलेमोठे थेंबच वाटतात, हाच तो ब्राइट बँड, रडारवर उठून दिसणारा चमकदार पट्टा. रिफ्लेक्टिव्हिटीचं शिखर आधी येतं, त्याच्या थोडं खाली झेडडीआरचं, आणि रो-एचव्ही ०.९ च्या आसपास खड्ड्यात जातो. पुढच्या काहीशे मीटरांत सगळं वितळून थेंब होतात, पडायचा वेग सेकंदाला १-२ मीटरवरून कितीतरी वाढतो, थेंब विरळ होतात आणि रिफ्लेक्टिव्हिटी उतरते. पहिल्यांदा तो खड्डा एका सरळ रेषेत तासन्‌तास चाललेला दिसला तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

आता माझा गाढवपणा. एका डेटात रिमझिमीतसुद्धा झेडडीआर ०.५ डीबी येत होता, आणि मी तीन दिवस थेंबांच्या आकारावर काय काय थिअऱ्या रचल्या! शेवटी रडार सरळ वर, ९० अंशांत बघतानाचा स्कॅन काढला, ज्याला बर्डबाथ म्हणतात. खालून बघितला की चपटा थेंबही गोलच दिसतो, मग तिथे झेडडीआर शून्य यायला हवा. तिथेही ०.५. म्हणजे थेंबांचा काही दोष नव्हता, रडारचा झिरोच सरकलेला होता आणि मी तो तपासायच्या आधीच निष्कर्ष काढून मोकळी. या कामात ०.१-०.२ डीबीची चूकसुद्धा महागात पडते.

आणि नकाशावर माझा राग का, तर रडारचा बीम, म्हणजे लहरींचा झोत, १ अंश रुंद असला तरी १०० किमीवर तो जवळपास पावणेदोन किमी जाड होतो. ब्राइट बँड काहीशे मीटरांचा. तो बीममध्ये सापडला की नकाशावर मस्त लालसर कडं उमटतं आणि खाली जमिनीवर मात्र साधाच पाऊस. अशा वेळी रो-एचव्ही शेजारी उघडून ठेवायचा, कड्याच्या जागी तो घसरला असेल तर बीम वितळणाऱ्या थरातून जातोय हे धरून चालायचं.

क्यूव्हीपीचा सगळा खेळ गोलावर सगळीकडे साधारण सारखाच पाऊस आहे या गृहीतकावर चालतो. गडगडाटी ढगात ते साफ कोसळतं. तिथे वर जाणारा जोरदार वारा पाण्याचे थेंब शून्य अंशाच्या रेषेच्याही वर ढकलतो, गोठायच्या आधीच, आणि झेडडीआरचा एक अरुंद खांब उभा राहतो. सरासरी काढली की तो खांब गायब. त्यासाठी एकाच दिशेला तोंड ठेवून खालून वर जाणारे स्कॅन लागतात, सध्या तेच डाउनलोडला लावलेत आणि डिस्क भरत आलीय.