निडव्याचे तेरा आकडे

उसाच्या लागणीत, म्हणजे नव्यानं लावलेल्या उसात, ३४; निडव्यात, म्हणजे दोनदा तोडून बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात, २१. एक चौरस मीटर पान सेकंदाला किती मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्याचे हे आकडे. संध्याकाळी फळ्यावर लिहिले तसा माझा सहकारी खूश. म्हणाला, "ऊस जुना झाला की पान थकतं, बघा!" मला काही ते पटेना. बेट जुनं हे कबूल, पण आम्ही चिमट्यात धरलेलं निडव्याचं पान तर या महिन्यातलं. ते कशानं थकेल?

आमच्याकडे लागण, खोडवा (एकदा तोडून फुटलेला) आणि निडवा शेजारीशेजारी आहेत. जात एक, जमीन एक, आणि लागण झाली त्याच आठवड्यात बाकी दोन्ही तोडून बुडखे छाटले. एकच प्लॉट दरवर्षी मोजत बसलं तर फरक उसाच्या वयाचा की त्या वर्षीच्या पावसाचा, हे कधीच कळत नाही. म्हणून हा खटाटोप.

मोजायचं काम लांबून सोपं दिसतं. पान यंत्राच्या चिमट्यात धरायचं, आकडा स्थिरावला की बटण दाबायचं. पण पान वरून पहिलं पूर्ण उलगडलेलंच हवं, त्याच्या मानेशी, पातं आणि आवरण जुळतं तिथला पट्टा स्पष्ट दिसायला हवा. मधल्या जाड शिरेवर रबर नीट बसत नाही, हवा गळते, म्हणून शिरेच्या एका अंगाची पट्टी धरायची. आपण उभं राहायचं वाऱ्याच्या खालच्या बाजूला, कारण आपल्या उच्छ्वासात हवेच्या जवळजवळ शंभरपट कार्बन डायऑक्साइड असतो. यंत्राच्या हवेच्या नळीपाशी नुसता सुस्कारा टाकला तरी आकडे नाचतात. आणि हे सगळं कुसळं टोचत, कडांनी हात चिरत.

त्या रात्री मला खटकला तो फरकाचा आकार. ऊस पानात कार्बन डायऑक्साइड पंपासारखा कोंबून भरतो. १९६५ साली हवाईत कॉर्टशाक यांच्या चमूनं आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी हा मार्ग दाखवला तो उसाच्याच पानात. असं पान दुपारी पर्णरंध्रं थोडी मिटली म्हणून एवढं कोसळत नाही. मग १३ आकडे गेले कुठे?

सकाळी मोजपट्टी घेऊन निडव्यात शिरलो. फुटवे दाट, बारीक, पानं अरुंद. यंत्राची खिडकी २ बाय ३ सेंटीमीटर, आणि शिरेपासून कडेपर्यंतची पट्टी भरली दीड. म्हणजे आत पान साडेचार चौरस सेंटीमीटर, आणि यंत्र भागत होतं ६ नं. ते ६ कारखान्यातून भरून आलेलं असतं आणि आमच्याकडे कुणीही ते बदलत नाही, कारण यंत्र महाग आहे आणि महाग यंत्र चुकत नाही अशी सगळ्यांची श्रद्धा. २१ चे झाले २८. निम्म्याहून जास्त म्हातारपण एका भागाकारात गेलं.

मग क्रम उलटा केला. रोज लागण आधी, कारण ती वाटेवर. निडवा येईपर्यंत साडेबारा. त्या दिवशी निडवा नऊला धरला: ३०.

उरले चार. सहकारी म्हणतो, हे वय. मी म्हणतो नत्र: दाट फुटव्यांत तेवढंच खत वाटलं जातं आणि पानं फिकट दिसतात. पण तेवढ्यानं माझंही समाधान होत नाही. निडव्याला जमिनीत मुळं आणि डोळे तयार असतात, तो लागणीच्या पुढे धावतो. त्याच महिन्यात त्याच्या कांड्या साखर भरू लागलेल्या. कांडी भरत आली की पानाचं काम मंदावतं, हे उसात दिसलेलं आहे. बाकीची पानं झाकून एकच उघडं ठेवलं तर ते काही दिवसांत जास्त ओढू लागतं. तसं असेल तर आम्ही ज्याला वय म्हणतोय ती नुसती लवकर आलेली पक्वता.

निडव्याच्या दहा उसांना काळं कापड बांधून आलोय. तक्त्यावरचा 'वय' हा मथळा सहकाऱ्यानं पुसू दिला नाही, म्हणून त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलंय.