फोटो उजळ करून मिळणार नाही

घरी फोन केला की मावशीचा एक प्रश्न ठरलेला असतो, अगं आता तर सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे, मग तिकडे लंडनमध्ये पैसे देऊन तुझ्याकडे फोटो काढायला येतं तरी कोण? आणि दरवेळी फोनवर सांगायचं म्हणजे अर्धवटच राहतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

येतात, भरपूर येतात. नाटक-सिनेमातले नट, नुकतीच ड्रामा स्कूलमधून बाहेर पडलेली पोरं, वकील, डॉक्टर, गाणारे, नोकरी बदलायच्या आधी लिंक्डइनचा फोटो बदलणारे, आणि अधूनमधून एखादी अख्खी कंपनी, म्हणजे चाळीस माणसं एका दिवसात, एकाच पार्श्वभूमीवर, प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटं. पुण्यात मी लग्नं करायचे, तिथे फोटो म्हणजे सोहळा, हजार माणसं, हळद, वरात, सगळं धावत टिपायचं. इथे समोर एकच माणूस, मी, आणि एक खिडकी नाहीतर एक लाईट. सुरुवातीला हे फार शांत वाटायचं, आता मला याचीच गोडी लागलीये.

माझं निम्म्याहून जास्त काम नटांच्या हेडशॉटचं, म्हणजे जवळून काढलेल्या चेहऱ्याच्या फोटोंचं. इथे स्पॉटलाईट नावाची कलाकारांची डिरेक्टरी आहे, १९२७ पासूनची, आधी जाडजूड पुस्तकं निघायची, आता सगळं ऑनलाईन, आणि कास्टिंगवाले, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडणारे, तिथे चेहरे बघून कोणाला ऑडिशनला बोलवायचं ते ठरवतात. त्यामुळे हेडशॉट हा नटाचा रोजीरोटीचा कागद आहे म्हणा. आणि या धंद्यात पहिला नियम एकच, फोटोत जो दिसतो तोच माणूस दारातून आत आला पाहिजे. फोटोत दहा वर्षांनी लहान, नाक बारीक, कातडी गुळगुळीत आणि प्रत्यक्षात दुसरंच कोणी आत आलं की कास्टिंगवाल्याचा वेळ गेला, आणि त्या नटाचं नाव पुढच्या वेळी मागे पडलं. म्हणून इथे रिटचिंग म्हणजे काय, तर आज उठलेली पुटकुळी काढायची, उडालेला एखादा केस काढायचा. तीळ राहतो, व्रण राहतो, डोळ्याखालची सुरकुती राहते. आणि रंगही राहतो. माझं सगळं म्हणणं या शेवटच्या शब्दापाशी येऊन थांबतं, पण त्याआधी उजेडाबद्दल सांगते, कारण रंग उजेडातूनच येतो.

रीजंट स्ट्रीटवर रॉयल पॉलिटेक्निकची इमारत आहे, आता तिथे युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टमिन्स्टर आहे. १८४१ च्या मार्चमध्ये रिचर्ड बिअर्ड नावाच्या माणसाने तिथल्या तेव्हाच्या इमारतीच्या गच्चीवर युरोपातला पहिला पोर्ट्रेट स्टुडिओ सुरू केला. गच्चीवर का, तर उजेडासाठी. वर निळ्या काचा लावलेल्या, कारण त्या काळी फोटो ज्या धातूच्या प्लेटवर उमटायचा तिला निळा उजेड पुरेसा व्हायचा आणि समोरच्याचे डोळेही दिपायचे नाहीत. तरी आभाळ भरलं की माणसाला कितीतरी जास्त वेळ न हलता बसावं लागायचं. मी त्या रस्त्याने जाते तेव्हा वर बघतेच बघते, कारण पावणेदोनशे वर्षांनी माझंही तेच चाललंय, सकाळी उठायचं आणि आधी खिडकीबाहेर आभाळ बघायचं.

लंडनचा उजेड म्हणजे आपल्याकडच्या माणसाला पूर्ण नवीन शाळा. २१ डिसेंबरला सूर्य आठला उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो, भर दुपारी बारालासुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो. मुंबईत त्याच दिवशी तो ४७ अंशांवर असतो, आणि मे महिन्यात तर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, ऊन थेट डोक्यावर, म्हणजे भुवयांची सावली डोळ्यांत आणि नाकाची ओठांवर. सांगलीत दुपारी बाहेर कोणाचा फोटो काढायचा तर आधी झाड शोधायचं. इथे उलट, हिवाळ्यातलं कलतं ऊन सरळ डोळ्यांत शिरतं, चेहरा उजळून निघतो, फक्त ते मिळतं किती वेळ हा प्रश्न. बाकी दिवस ढग. ढग म्हणजे फुकटचा सॉफ्टबॉक्स, लाईट मऊ करायला त्यावर लावतात तसा पांढरा पडदा, अख्ख्या शहरावर ताणलेला, सावल्या मऊ, डोळे मोठे. पण त्यात एक गोम आहे, ढगाळ उजेड निळसर असतो, गोऱ्या कातडीवर तो चालून जातो, आपल्या सावळ्या कातडीवर मात्र राख फासल्यासारखा दिसतो. म्हणून प्रत्येक वेळी आधी ग्रे कार्ड, म्हणजे एक करडा पुठ्ठा, हातात देऊन एक फोटो काढते, त्यावरून रंगाचा तोल धरते, मगच पुढे.

स्टुडिओ माझा स्वतःचा नाही, हॅकनी विक नावाच्या भागात जुन्या कारखान्याच्या इमारतीत तासावर मिळतो. घरून निघताना ट्रॉली बॅगेत दोन लाईट, स्टँड, ८५ एमएमची लेन्स, लॅपटॉप, क्लिपा, सेफ्टी पिना, कपड्यावरचे धागे काढायचा रोलर, आणि डबा. लंडनच्या अंडरग्राउंडची २७२ स्टेशनं आहेत आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश स्टेशनांतच पायऱ्या न चढता रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत जाता येतं, त्यामुळे कुठलं स्टेशन घ्यायचं हे मी बॅगेवरून ठरवते, अंतरावरून नाही. दुपारी दोन सेशनच्या मध्ये पोळीभाजी, संध्याकाळी घरी येऊन फोटो निवडणं. लोकांना वाटतं फोटोग्राफर दिवसभर फोटोच काढतो, प्रत्यक्षात स्क्रीनसमोरचा वेळ जास्त, आणि जानेवारीत तर काम कमी नि हिशेब जास्त, कारण ३१ जानेवारीपर्यंत टॅक्स रिटर्न भरायचं असतं.

आता त्या मुलीचं सांगते. वाढलेली लेस्टरमध्ये, आईवडील मूळचे सोलापूरकडचे, ड्रामा स्कूल नुकतंच संपलेलं. तीन कपडे आणले होते, गडद निळा टीशर्ट, शेवाळी शर्ट, एक डेनिम जॅकेट, सगळे साधे, नक्षी नाही, लोगो नाही, अगदी शहाण्यासारखे. रंग छान तुकतुकीत सावळा. लाकडी खोक्यावर बसली आणि लगेच चेहऱ्यावर ते शिकलेलं हसू आलं, जे फोटो म्हटलं की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर येतं. पहिली वीस मिनिटं मी त्या हसूचेच फोटो काढत बसते, ते फोटो वापरायचे नसतातच, माणूस खोलीत रुळायला तेवढा वेळ लागतो. कपाळ थोडं माझ्याकडे, हनुवटी किंचित खाली, खांदे सोड, श्वास सोड. तरी जमेना. मग म्हटलं, धाकट्या भावाला जेवायला हाक मार बघू, घरी मारतेस तशी. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अरे ये ना लवकर, सगळं गार होतंय!" आणि तिचे डोळेच बदलले, एक भुवई वर गेली, ओठांच्या कोपऱ्यात राग आणि माया दोन्ही. तोच फोटो. तिच्या एजंटने पण तोच निवडला.

दोन दिवसांनी तिच्या आईचा फोन. "ताई, फोटो फार सुंदर आलाय हो, फक्त थोडा उजळ करून द्याल का? बायोडेटाला पण लावायचाय, स्थळं बघतोय." मी म्हटलं, काकू, फोटो बघून जे येतील ते हिलाच भेटणार ना, मग हीच दिसू दे की. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, बरं, तिला विचारते. तिने काय सांगितलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. फोटो आहे तसाच गेला, दोन्हीकडे.

मला या बाबतीत राग येतो आणि तो मी लपवत नाही. माझ्या आजीचा एकच फोटो घरात आहे, सांगलीच्या स्टुडिओत काढलेला, ब्लॅक अँड व्हाइट आणि वरून हाताने रंगवलेला, त्या वेळी तशी पद्धतच होती. त्यात आजीचे गाल गुलाबी आहेत. आजी सावळी होती, चांगली गडद, आईकडून ऐकलंय म्हणून मला माहितीये, फोटोवरून माझ्या मुलीला कधीच कळणार नाही. एका माणसाचा एकच पुरावा राहिला आणि त्यातच तिचा रंग पुसलेला.

आणि हे नुसतं आपल्याकडचं नाही बरं का. फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीकडून फोटो लॅबना रंग जुळवायला एक कार्ड जायचं, त्याला शर्ली कार्ड म्हणायचे, त्यावर वर्षानुवर्षं एक गोरी बाई असायची. तिची कातडी नीट आली म्हणजे प्रिंट बरोबर आली. बाकीच्यांचं काय ते बाकीच्यांनी बघावं. पुढे कोडॅकमधल्याच एका जुन्या माणसाने सांगितलं की गडद तपकिरी छटांकडे कंपनीने लक्ष दिलं ते चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रारी केल्यावर. माणसांसाठी नाही, चॉकलेटसाठी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ दुसरं काही करू शकले नाही.

आज कॅमेरे कितीतरी सुधारलेत, पण सावळा चेहरा नीट टिपणं अजूनही फोटोग्राफरच्याच हातात आहे. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्याकडे ओढतं, त्यामुळे ऑटोवर ठेवून गडद चेहरा जवळून काढला की तो फिका पडतो, आणि मागे पांढरी भिंत असली की तोच चेहरा काळाठिक्कर. उपाय एक्स्पोजर वाढवणं, म्हणजे अख्खा फोटोच उजळ करणं, हा नाहीच. लाईट मोठा घ्यायचा, जवळ आणायचा, बाजूला न्यायचा, म्हणजे गालाच्या हाडावर, कपाळावर एक मऊ चमक येते, आणि गडद कातडीचा आकार त्या चमकेतूनच दिसतो. म्हणून मी पावडर लावायला फारसं देत नाही. कंपनीच्या ग्रुप फोटोत आयरिश, नायजेरियन आणि तमिळ माणसं शेजारी शेजारी उभी असतात, तिथे लाईटची तिरीप गडद चेहऱ्याच्या बाजूला जास्त आणि गोऱ्याच्या बाजूला कडेची, एवढं केलं की एकाच फोटोत तिघंही आपापल्या रंगात येतात. पाच मिनिटांचं काम आहे, फक्त करायचं मनात पाहिजे.

धंदा म्हणून इथे काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. रस्त्यावर फोटो काढायला सहसा कोणी अडवत नाही, पण ट्राफल्गर स्क्वेअर आणि पार्लमेंट स्क्वेअरला धंद्यासाठी काढायचे असले तर आधी परवानगी लागते, आणि कॅनरी वॉर्फसारखा उंच ऑफिसांचा भाग दिसायला रस्ता असला तरी खाजगी मालकीचा आहे. आणि कॉपीराइट. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाने पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल तर मालक गिऱ्हाईक. इथे १९८८ च्या कायद्याने तो मालकी हक्क फोटोग्राफरचा, पण घरगुती कामासाठी काढलेला फोटो मी गिऱ्हाइकाच्या परवानगीशिवाय कुठे लावू शकत नाही. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून प्रत्येकाला कागदावर साध्या भाषेत लिहून देते, तुम्ही फोटो कुठेही वापरा, छापा, वाटा, फक्त रंग बदलू नका. सही करताना लोक ते वाक्य दोनदा वाचतात.

इथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. गणपतीत मी तिथे हॉलच्या एका कोपऱ्यात करडा कागद टांगते आणि ज्येष्ठांचे फोटो काढून देते. मागे एक काका आले, साठच्या दशकात इंग्लंडला आलेले. म्हणाले, "माझे सगळे फोटो पासपोर्टचे, सगळ्यात तोंड मिटलेलं. एक भिंतीवर लावण्यासारखा काढ." काकू शेजारी उभ्या राहून त्यांची कॉलर सारखी करत होत्या, आणि मी म्हटलं काकू तुम्ही तिथेच थांबा, त्यांच्याशी बोलत राहा. बारा बाय सोळाची मॅट प्रिंट करून दिली, कपाळावरच्या रेघा, कानाजवळचा तीळ, पक्का मातीचा रंग, सगळं जिथल्या तिथे. त्यांनी एक कॉपी साताऱ्याला भावाकडे पाठवली. भावाचा फोन आला, दादा तिकडे जाऊन काळा झाला की काय? फोन काकूंनी घेतला होता. म्हणाल्या, "अहो, हे पहिल्यापासून असेच आहेत. तुमच्याकडचे फोटोच गोरे आहेत."

यंदाही गणपतीत तो कोपरा असणार आहे. तुमचे कोणी नातेवाईक इकडे असतील तर सांगा त्यांना, साधे गडद कपडे घाला, चष्मा असेल तर स्वच्छ पुसून आणा, आणि पावडर लावून येऊ नका.