एफ-१५० ची खबरबात: बूस्टर बदलला, गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही

मिशिगनच्या थंडीत गॅरेजमध्ये हात चालत नाहीत, म्हणून काम रखडलं होतं. आता बरीच प्रगती आहे. गाडी माझी जुनी पिकअप, १९९० ची फोर्ड एफ-१५०: ३०० घनइंची सरळ सहा सिलिंडरचं इंजिन आणि माझदाचा पाच गिअरवाला एम५ओडी-आर२ गिअरबॉक्स. तक्रारी दोन होत्या. ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालं होतं, आणि इंजिन चालू असताना पहिला गिअर पडायला नखरे, रिव्हर्सला तर सरळ खर्रर्र.

आधी ब्रेक. बूस्टर म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) पायाच्या जोराला मदत करणारा डबा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारलं, की बूस्टरमधला उरलासुरला व्हॅक्यूम संपतो. मग पेडल दाबून धरायचं आणि इंजिन चालू करायचं. बूस्टर जिवंत असेल तर पेडल पायाखाली किंचित खाली जातं. माझं हललंसुद्धा नाही. पण एवढ्यावरून बूस्टर मेला असं ठरवू नका. इंजिनाकडून बूस्टरला जाणाऱ्या होजमध्ये टी-जोड लावून व्हॅक्यूम गेज बसवा. गरम इंजिनाला आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) १८ ते २० इंच व्हॅक्यूम मिळायला हवा. तो नसेल तर दुखणं इंजिनाचं आहे, नवा बूस्टर आणून पैसे जातील. माझ्याकडे पेडल न दाबता गेज जागेवर होता, चेक व्हॉल्व्हमधून हवा एकाच बाजूने जात होती, त्याचं रबरी ग्रोमेटही ठीक. मात्र पेडल दाबून ठेवलं की डॅशखाली सतत ‘सूंऽऽ’ आणि आयडल चढायचं. दाबताना क्षणभर फुसकारा येणं नॉर्मल आहे. सतत येणं नाही.

आयडल का चढायचं, हा भाग मला आवडला. या इंजिनात हवा मोजणारा सेन्सर नाही. मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब पाहून कॉम्प्युटर पेट्रोलचा हिशेब करतो. बूस्टरमधल्या फाटक्या डायफ्रॅममधून (रबरी पडद्यातून) हवा आत आली की दाब वाढतो, कॉम्प्युटरला वाटतं थ्रॉटल उघडला, आणि तो पेट्रोल वाढवतो. खात्रीसाठी पेडल दाबलेलं असतानाच होज पकडीने चिमटला. आयडल लगेच खाली आलं. म्हणजे गळती होजच्या पलीकडे, बूस्टरमध्येच.

भारतातल्या डिझेल पिकअपवाल्यांनी ही चाचणी तशीच उचलू नये. डिझेलला मॅनिफोल्डमधून असा व्हॅक्यूम मिळत नाही, तिथे वेगळा पंप असतो, बऱ्याचदा अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला आणि इंजिन ऑइलवर चालणारा. पेडल कडक झालं की आधी तो पंप, त्याची ऑइल लाइन आणि होज बघा.

बूस्टर काढताना मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ब्रेक फ्लुइड ढकलणाऱ्या भागाच्या) दोन नट सोडवून तो नुसता पुढे ओढला. पाइप उघडले नाहीत, त्यामुळे ब्रेकची हवा काढावी लागली नाही. मास्टरची पाठ बोटाने चाचपा. ओली असेल तर फ्लुइड बूस्टरमध्ये उतरतंय आणि नवा डायफ्रॅमही तेच फ्लुइड खाईल. माझी कोरडी होती. बाकीच्या चार नट डॅशखाली आहेत. रस्त्यावरच्या मिठाने गंजलेल्या, म्हणून आदल्या रात्री तेल मारून ठेवलं. पेडलच्या पिनवर ब्रेक-लाइटचा स्विचही बसतो. त्याचे नायलॉनचे बुश आणि वॉशर कुठल्या क्रमाने होते त्याचा फोटो काढून ठेवा.

नवा बूस्टर बसवताना पुढच्या पुशरॉडची (मास्टरला ढकलणाऱ्या दांड्याची) लांबी तपासायचीच. रॉड लांब राहिला तर मास्टरमधलं परतीचं छिद्र झाकलेलंच राहतं आणि ब्रेक हळूहळू धरून बसतो. आखूड राहिला तर पेडल फुकट खाली जातं. टोकावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीची गोळी चिकटवून मास्टर जागी दाबला आणि गोळीची जाडी पाहिली.

गिअरचं कोडं याच डॅशखाली उलगडलं. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडत होते, त्यामुळे माझा संशय आधीच क्लच पूर्ण सुटत नसल्यावर होता. या गिअरबॉक्समध्ये क्लचचा स्लेव्ह (फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा सिलिंडर) बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिनाला जोडणाऱ्या कवचाच्या आत असतो, तो बदलायचा तर अख्खा बॉक्स खाली. त्याआधी बाहेरचं सगळं संपवा. बूस्टरच्या नट सोडवताना डोकं पेडलखाली होतंच; क्लच मास्टरच्या (क्लच पेडलने चालणाऱ्या सिलिंडरच्या) रॉडचा बुश झिजून अंडाकृती झालेला दिसला. पेडल चाललं तरी रॉड आधी नुसता जागा शोधत होता. बुश बदलला. मग कुणाला तरी पेडल दाबायला बसवून बॅटरीच्या उजेडात फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बघितला. मास्टरच्या जागी पत्रा जरासा वाकतो. तडा नाही, तरी मागून पट्टी लावणार आहे. नंतर क्लच मास्टर सोडवून तिरका धरला आणि अडकलेला बुडबुडा काढला, कारण बसवलेल्या कोनात तो आपणहून निघत नाही. रिव्हर्स आता आवाज न करता पडतो.

एम५ओडी-आर२ वाल्यांनी वरच्या झाकणाच्या मागच्या टोकाचे तीन रबरी प्लग आजच बघावेत. इतक्या वर्षांत ते कडक होतात, ऑइल बॉक्सच्या पाठीवरून ओघळतं, आणि आपण मागच्या सीलला दोष देत बसतो. पातळी उतरत गेली की बेअरिंग जातात. बॉक्सखालचा आडवा आधार, क्रॉसमेंबर, थोडा खाली सोडला की हात पोचतो. मी रबरी प्लगच्या जागी धातूचे कप सीलंट लावून ठोकले. आत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं मर्कॉन ऑइलच जातं, सुमारे ३.६ लिटर, जाड गिअर ऑइल भरू नका, थंडीत गिअर हलणार नाहीत.

बाकी राहिलंय ते गिअर लिव्हरच्या बुडाचं डगमगणं. बुश मागवलाय. त्यासोबत फायरवॉलची पट्टी एकदमच करेन.