कार्डाच्या पाठीमागे लिहिलेले ४९९

मार्चमधली गोष्ट. मामा, म्हणजे माझे सासरे, सकाळी ओसरीवर बसून भाकरी आणि शेंगाचटणी खात होते. फोन वाजला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलत होता की मला शिलाई मशीनवर बसल्या बसल्या ऐकू येत होतं. थकबाकी आहे, आजच्या आज भरा, नाहीतर पुढची कारवाई होईल. मामांनी फोन खाली ठेवला, ताटली बाजूला सारली आणि मला विचारलं, "पोरी, कुणाचं देणं राहिलंय गं आपलं?"

मामा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये विणकाम खात्यात होते. मिल बंद पडली तेव्हा हातात काही नव्हतं. नंतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर दिवसपाळी, रातपाळी सगळं केलं, पण किराणावाल्याच्या वहीत स्वतःचं नाव कधी चढू दिलं नाही. अशा माणसाला शहात्तराव्या वर्षी कुणीतरी थकबाकीदार म्हणालं, आणि तेही मी घेतलेल्या सिमच्या प्लॅनमुळे. त्या दिवशी मी ठरवलं, पैसे किती का असेनात, हे प्रकरण शेवटपर्यंत न्यायचं.

सुरुवात झाली गड्ड्यात, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत. १८ जानेवारी २०२५, शनिवार. अक्षता, होम, शोभेचं दारूकाम सगळं होऊन गेलं होतं, होम मैदानावर पाळणे आणि दुकानं मात्र गच्च भरलेली. आम्ही तिघं गेलो होतो, मी, हे आणि मामा. एका मोबाईल कंपनीची छत्री लागली होती. विशीतला मुलगा, बोलायला गोड. "ताई, तिघांचे नंबर आमच्याच कंपनीचे आहेत ना? मग वेगवेगळे रिचार्ज कशाला मारता? पोस्टपेड फॅमिली प्लॅन घ्या. तिघांचं मिळून ४९९. टॅक्स धरून."

मी घरी शाळेचे गणवेश शिवते. ऑर्डरी, मापं, कापडाचे फोटो सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. रिचार्ज संपला की काम अडतं, त्यामुळे मला ते पटलं. तरी मी तीन गोष्टी विचारल्या. मामांच्या फोनमध्ये पाडव्याला, २ नोव्हेंबरला, मी स्वतः वर्षभराचा रिचार्ज भरून दिला होता, त्याचं काय? "तो जसाच्या तसा राहतो." नाही पटलं तर? "कधीही परत प्रीपेड करता येतं, एका ओटीपीचं काम." आणि सिनेमे-मालिकांचं ते ॲप? "ते फ्री आहे ताई, कायमचं." मी म्हटलं, लिहून दे. त्यानं छत्रीवरच्या छापील कार्डाच्या पाठीमागे निळ्या पेनानं लिहिलं: "४९९ - ३ सिम - टॅक्स सकट - बॅलन्स तसाच."

ते कार्ड मी पाकिटात टाकलं. मामांचा बटणांचा फोन आहे, त्यांना ओटीपी वाचता येईना, म्हणून फोन त्या मुलाच्याच हातात दिला. त्यानंच आकडे वाचले आणि त्यानंच टाकले. चार मिनिटांत तिघं पोस्टपेड.

तीन दिवसांनी मला रुखरुख लागली म्हणून मी त्याला व्हॉट्सॲपवर विचारलं, बिल ४९९ च येणार ना? त्याचं उत्तर आलं, "हो ताई, तिघांचं मिळून. टेन्शन घेऊ नका."

शिवजयंतीच्या दिवशी, बाहेर मिरवणुकीचे ढोल वाजत असताना, पहिलं बिल आलं. १,१७५ रुपये २८ पैसे. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. ४९९ हे नुसतं माझ्या नंबरचं भाडं होतं. ह्यांचा आणि मामांचा नंबर प्रत्येकी १९९. 'कायमचं फ्री' ॲपचे ९९. झाले ९९६. वर १८ टक्के जीएसटी. मामांच्या वर्षाच्या रिचार्जची चौकशी केली तर तो पोस्टपेड झाल्या क्षणी संपला होता. ३६५ पैकी ७७ दिवस वापरले होते, २८८ दिवस बुडाले.

कस्टमर केअरवाली म्हणाली, "मॅडम, सिस्टीममध्ये प्लॅन बरोबर आहे." अहो, सिस्टीममध्ये असेल, पण मला जे सांगून विकलं ते हे नाही. मी तक्रार नोंदवून क्रमांक घेतला. चार दिवसांनी, २४ फेब्रुवारीला मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. काय निवारण झालं ते कुणालाच माहीत नाही.

मग कंपनीच्या गॅलरीत गेले. तिथल्या साहेबांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हा मुलगा आमचा नाही, डिस्ट्रिब्युटरचा आहे. त्यानं काय लिहून दिलं त्याला आम्ही जबाबदार नाही. आणि ओटीपी तुमच्याच फोनवर आला होता ना?" मला तेव्हा यावर उत्तर सुचलं नाही. रिक्षात बसल्यावर डोळ्यांत पाणी आलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या कंपनीत जावं म्हटलं, तर तोही रस्ता बंद. १९०० वर PORT असा मेसेज केला की पोर्टिंग कोड मिळतो, हे ठाऊक होतं. पण पोस्टपेडचं बिल मुदतीनंतर थकलेलं असेल तर तो कोड मिळत नाही. प्रीपेडवर परत यायचं तर ओटीपीनं बदल करायला तेव्हा ९० दिवस थांबावं लागायचं. (ही मुदत पहिल्या बदलापुरती जून २०२५ मध्ये ३० दिवसांवर आली. आमच्या वेळी ९० होती.) म्हणजे 'कधीही परत' हेही खोटंच.

आमच्या गल्लीत ग्राहक पंचायतीचं काम करणारे एक काका राहतात. त्यांच्या सुनेचे ब्लाउज मी शिवते, एवढीच ओळख. त्यांनी चहा प्यायला बसवलं, सगळं ऐकलं, आणि पहिलं वाक्य म्हणाले, "कार्ड आहे ना? आणि त्याचा मेसेज आहे ना? मग रडताय कशाला?"

त्यांनी मला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधलं कलम २(४७) काढून दाखवलं. अनुचित व्यापारी प्रथा म्हणजे काय, ते त्यात आहे. माल किंवा सेवेबद्दल खोटं विधान करणं, मग ते तोंडी असो, लेखी असो की इलेक्ट्रॉनिक नोंदीतलं असो. तोंडी! मला वाटत होतं छत्रीखालच्या बोलण्याला कायद्यात काडीची किंमत नाही. ते एकच वाक्य मी तीनदा वाचलं.

गॅलरीच्या साहेबांच्या उत्तरावर काकांचं म्हणणं असं: डिसेंबर २०२३ पासून सिम विकणारा प्रत्येक एजंट, फ्रँचायझी, डिस्ट्रिब्युटर यांची नोंदणी कंपनीनं स्वतः करायची, असा दूरसंचार विभागाचा नियम आहे. ज्याला कंपनीनं विकायला उभं केलं त्याचं बोलणं नको आणि त्यानं आणलेलं गिऱ्हाईक तेवढं हवं, हे कसं चालेल? पुढे हेच मी अपिलात जवळजवळ त्यांच्याच शब्दांत लिहिलं.

अपील म्हणजे काय तेही मला तिथंच कळलं. ट्राय म्हणजे टेलिफोन-मोबाईल कंपन्यांवर नियमन करणारं सरकारी प्राधिकरण. त्याच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक मोबाईल कंपनीत दोन पायऱ्या असतात. आधी तक्रार केंद्र, मग अपील प्राधिकरण. अपिलाला फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. त्यांच्या सल्लागार समितीत एक सदस्य ग्राहक संघटनेचाही असतो. बरेच जण थेट ट्रायला लिहितात आणि वाट बघत बसतात. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ती कंपनीकडेच पाठवते.

"चिडून लिहू नका, तारखा लिहा," असं काका म्हणाले होते. माझा पहिला मसुदा चार पानांचा होता आणि त्यात फसवणूक हा शब्द अकरा वेळा होता. त्यांनी सगळे खोडले. दीड पान उरलं. काय सांगितलं, कधी सांगितलं, पुरावा काय, प्रत्यक्षात काय झालं, आणि मला नेमकं काय हवंय. यातलं शेवटचं लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण तोपर्यंत मी नुसती संतापलेली होते, काय हवंय हे ठरवलंच नव्हतं. शेवटी चार मागण्या लिहिल्या. दोन्ही महिन्यांची ४९९ च्या वरची रक्कम रद्द करा (दुसरं बिल येणारच होतं). तिन्ही नंबर प्रीपेड करा. मामांचे २८८ दिवस परत द्या. चौथी मागणी मामांनी सांगितली: आपल्याकडं काही बाकी नाही असं कंपनीनं कागदावर लिहून द्यावं.

२८ फेब्रुवारीला अपील ईमेलनं गेलं. त्याच दिवशी बिलातले वाद नसलेले ४९९ रुपये भरले आणि उरलेल्या ६७६ रुपये २८ पैशांवर तक्रार चालू आहे, असं कळवलं. काकांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करायला लावला. तिथं मराठीत बोलता येतं. तिथल्या मुलीनं मधे न तोडता सगळं ऐकून घेतलं, तेवढ्यानंही बरं वाटलं.

तरी १२ मार्चला मामांच्या फोनचं आउटगोइंग बंद झालं. ते सिद्धेश्वराच्या देवळात गेले होते. दर्शन झालं की मला फोन करायचा आणि मी गाडीवर आणायला जायचं, असं ठरलेलं. एक वाजला, दीड वाजला, फोन नाही. मी लावला तर त्यांना रिंग ऐकू येईना. शेवटी एका फूलवाल्याच्या फोनवरून त्यांचा आवाज आला, "माझा फोन लागंना बघ." वसुलीवाल्याचा तो फोन यानंतर दोन दिवसांनी आला. त्या आठवड्यात मी गणवेशांचे दोन गठ्ठे उशिरा दिले, रात्री झोप लागत नव्हती. आउटगोइंग बंद केल्याची आणि वसुलीच्या फोनची वेळ लिहून अपिलाला जोडपत्र पाठवलं.

२५ मार्चला अपील विभागातून एका बाईंचा फोन आला. शांत बोलत होत्या. ओटीपीचं त्यांनीही विचारलं. यावेळी उत्तर तयार होतं. मी म्हटलं, "मॅडम, ओटीपी आम्ही त्यानं सांगितलेल्या प्लॅनला दिला. तुमचा खरा प्लॅन सांगणारा मेसेज ओटीपीनंतर आला, तोही इंग्रजीत, आणि माझ्या सासऱ्यांना तर मराठी मेसेजही त्या फोनवर वाचता येत नाही." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, निम्मी रक्कम माफ करून प्रकरण मिटवू का? मी म्हटलं, जे काय असेल ते लेखी द्या.

लेखी निकाल ३ एप्रिलला आला, ३४ व्या दिवशी. मी कॉलरी लावत होते. दोन्ही बिलांतले मिळून १,३५२ रुपये ५६ पैसे रद्द. तिन्ही नंबर नव्यानं केवायसी करून प्रीपेड. मामांच्या रिचार्जबद्दल ८४ दिवसांचा पॅक 'सदिच्छा म्हणून'. ह्यांचं म्हणणं, घे आणि मोकळी हो. मी नाही घेतला. बुडालेले २८८ दिवस आमचे होते, त्यात सदिच्छा कसली? परत लिहिलं, आणि सोबत हेही लिहिलं की नाहीतर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तयारी खरोखर होती. पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला फी नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या करता येते, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे मी जिथं राहते तिथंच, म्हणजे सोलापुरातच, दाखल होते. मोबाईल कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं १६ फेब्रुवारी २०२२ ला ग्राहकांच्या बाजूनं संपवलेला आहे. आठवड्याभरात मामांच्या नंबरवर पूर्ण वर्षाचा पॅक पडला.

मे महिन्यात पार्क चौकात तोच मुलगा दिसला, उन्हात तशीच छत्री लावून. मला बघून उठून उभा राहिला. म्हणाला, "ताई, आम्हाला तसंच बोलायला शिकवलं होतं. तिघांचं ४९९ म्हणायचं, बाकीचं बिलात कळतं म्हणून." एका नंबरमागं त्याला कमिशन मिळतं, आणि दिवसाचा आकडा भरला नाही तर तेही कापतात. मला त्याचा राग आला नाही. मी अपिलात त्याचं नाव घातलं नव्हतं, ते बरंच केलं असं वाटलं. ज्यांनी त्याला ते वाक्य पाठ करून दिलं, ते कुठल्या छत्रीखाली उभे नसतात. आता तो काय सांगून विकतो, तेही मी विचारलं. "टॅक्स वेगळा सांगतो आता," म्हणाला.

थकबाकी नसल्याचं पत्र सगळ्यात शेवटी आलं, तेही मी दोनदा आठवण केल्यावर. कंपनीच्या शिक्क्याचा एक कागद, इंग्रजीत. मामांनी मला तो मोठ्यानं वाचायला लावला, मग मराठीत सांगायला लावला, आणि आपलं नाव कुठं लिहिलंय ते बोटानं दाखवायला सांगितलं. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत मिलचं ओळखपत्र, पीएफच्या पावत्या आणि घरपट्टीच्या पावत्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात. पत्राची नीट घडी घालून त्यांनी ते त्याच पिशवीत ठेवलं. कार्ड मी माझ्याकडं ठेवायला निघाले होते. "तेबी दे इकडं," म्हणाले.