‘गोंडोला’ : पोलाद नवं, वाफ खरी

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या कोनिस्टन वॉटर सरोवरात १८५९ साली ‘गोंडोला’ ही वाफेची यॉट उतरली. १९३६ला तिच्या फेऱ्या थांबल्या. पुढे इंजिन-बॉयलर विकले गेले, सांगाड्याची हाउसबोट झाली आणि १९६०च्या दशकातल्या वादळाने ती काठावर नेऊन टाकली. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या प्रयत्नांतून बॅरो गावातल्या व्हिकर्स गोदीत ती जवळपास पूर्ण नव्याने बांधली गेली आणि १९८०मध्ये पुन्हा धावू लागली.

मग ही जुनी बोट म्हणायची का, असा आक्षेप अनेक जण घेतात. पण उतारू घ्यायचे असतील तर मला हाच निर्णय योग्य वाटतो. त्या काळच्या घडीव लोखंडात धातुमळीचे (स्लॅगचे) थर असतात. जाडी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक मीटरची ध्वनिलहर कधी कधी मधल्याच थरावरून परतते आणि तो जाडी चुकीची दाखवतो. म्हणून हातोडीने ठोकून आवाज ऐकावाच लागतो. वेल्डिंग केलं की थर सुटतात, उष्णतेने शेजारचे रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) सैल होतात. जुन्यावर नवा पत्रा चढवला तर दोहोंमध्ये पाणी शिरतं, गंज फुगतो आणि रिव्हेट उडतात.

बॉयलर मात्र चालवण्यापेक्षा बंद ठेवण्यात जास्त खराब होतो. हिवाळ्यात तो अर्धवट भरलेला राहिला, तर पाण्याच्या पातळीवर हवा लागून पत्र्याला खड्डे पडतात. एक तर अल्कधर्मी केलेल्या पाण्याने काठोकाठ भरा, किंवा पूर्ण रिकामा करा. थंडीत पाणी गोठत असेल तर दुसराच मार्ग. विस्तव विझवून, दाब उतरवून, बॉयलर कोमट असतानाच पाणी सोडायचं, सगळी झाकणं उघडून आतून खडखडीत वाळवायचा, मग ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे ट्रे ठेवून झाकणं बंद करायची.

हंगामाच्या सुरुवातीला विस्तव हळूहळू वाढवायचा. घाई केली की बॉयलरमधल्या गरम धूर वाहणाऱ्या नळ्या बाहेरच्या कवचाआधी प्रसरण पावतात आणि त्यांच्या टोकाचे सांधे गळू लागतात. इंजिन फिरवण्याआधी सिलिंडरचे ड्रेन कॉक (पाणी काढायच्या तोट्या) उघडे हवेत. आत साचलेलं पाणी दाबलं जात नाही, झाकण फुटतं.

‘गोंडोला’त २००८पासून कोळशाऐवजी लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले ओंडके जाळू लागले. इंधन कुठलंही असो, नळ्या ब्रशने साफ करून धुराड्याला टोपी घातल्याशिवाय बॉयलर हिवाळ्यासाठी बंद करू नये. कोळशाच्या काजळीत गंधक असतं. ओल लागली की त्याचं आम्ल होतं आणि नळ्या आतून खाल्ल्या जातात.