फक्की, दोरी आणि इफ्ली रोड

शाळेत असताना मी कुठल्याच शर्यतीत नंबर काढला नाही, त्यामुळे ढाली-पदकांच्या आठवणी माझ्याकडे नाहीत. शाळेच्या क्रीडामहोत्सवाच्या आठवणी लिहायच्या म्हटल्यावर त्या इतरांनी लिहिल्याच असतील. मी फक्कीच्या टोळीत होते. क्रीडामहोत्सवाच्या आदल्या दोन-तीन दिवसांत मैदान आखायला जी पाच-सहा मुलं-मुली लागत, ती म्हणजे फक्कीची टोळी. निवडीचा निकष एकच: धावण्यात गती नसणं. ज्यांना गती होती ती मुलं सराव करत, आम्ही दोरी धरत असू.

पी.टी.च्या सरांची ट्रॅक आखायची पद्धत ठरलेली होती. सुतळी ते हाताला लावू देत नसत, कारण ती ताणली की लांबते. जाड काथ्याची दोरीसुद्धा फक्त खुणेपुरती. मापाला स्टीलची टेप. आधी मैदानाच्या मध्यातून एक सरळ रेघ, तिच्यावर ४० मीटर अंतरावर दोन खुंट्या. प्रत्येक खुंटीपाशी ३-४-५ चा त्रिकोण टाकून काटकोन काढायचा, मग खुंटीला टेप अडकवून १८ मीटर ९० सेंटीमीटरच्या त्रिज्येनं अर्धवर्तुळ फिरवायचं. टेप धरणारा पुढे, त्याच्या मागे खिळ्यानं ओरखडा काढणारा आणि सगळ्यांत मागे फक्कीची बादली. वाऱ्याच्या दिवशी मागचा माणूस घरी जाईपर्यंत भुतासारखा पांढरा झालेला असे.

१८ मीटर ९०च का, हे आम्ही विचारावं अशी सरांची इच्छा असायची. कोणी विचारलं नाही तर ते स्वतःच विचारत. धावणारा रेघेवरून धावत नाही, रेघेपासून २० सेंटीमीटर बाहेरून धावतो असं धरायचं. म्हणजे खरी त्रिज्या १९ मीटर १०. तिचा परीघ १२० मीटर, दोन्ही सरळ बाजूंचे मिळून ८०, झाले २००. पायचा (π) उपयोग मला गणिताच्या तासाला कळला नव्हता, तो उन्हात बादली धरून कळला.

दोरी ताठ धरून उभं राहायचं काम कंटाळवाणं. त्या वेळात सर एकच गोष्ट सांगत, दर वर्षी, थोड्या वेगळ्या तपशिलांनी. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या इफ्ली रोड मैदानाची. चार मिनिटांच्या आत एक मैल धावलेल्या रॉजर बॅनिस्टरचं नाव आम्हा सगळ्यांना तिथूनच कळलं. पण सरांच्या गोष्टीचा नायक बॅनिस्टर नव्हताच, मैदान होतं. पुढे मी मोजणीच्याच क्षेत्रात नोकरी केली आणि त्या मैदानाबद्दल मिळेल ते वाचत गेले. सरांचे काही तपशील थोडे रंगवलेले निघाले, गोष्टीचा सांगाडा मात्र पक्का होता.

ते मैदान १८७६ मध्ये सुरू झालं. शहरातून मॅग्डलेन पूल ओलांडून पुढे गेलं की हा इफ्ली रोड लागतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधल्या मैदानी शर्यती त्याच्याही आधी, १८६४ पासून चालू होत्या, पण धावण्यासाठी हक्काची जागा वेगळी. धावपट्टी राखेची होती, म्हणजे जळलेल्या कोळशाची खर पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेली. आणि तिची लांबी विचित्र होती: तीन फेऱ्यांचा एक मैल.

इथे सर एक फाटा फोडत असत. १८८० मध्ये ऑक्सफर्डच्याच रँडॉल्फ हॉटेलात ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. तिच्यामागे क्लेमेंट जॅक्सन, मॉन्टेग्यू शिअरमन आणि बर्नहार्ड वाइज हे तीन ऑक्सफर्डवाले होते. त्याआधीच्या क्लबच्या नियमांत कारागीर, मजूर, यंत्रावर काम करणारे यांना 'हौशी' खेळाडू मानलंच जात नव्हतं. मजुरी करणारा शर्यतीला उभा राहू शकत नव्हता. नव्या संघटनेनं ती अट काढली. सर हे सांगताना आमच्यातल्या एकाकडे हमखास बघत. त्याचे वडील गवंडी होते आणि तो टोळीत सगळ्यांत सरळ रेघ मारायचा.

बॅनिस्टर १९४६ मध्ये, सतराव्या वर्षी, वैद्यकीय शिक्षणासाठी एक्झेटर कॉलेजात दाखल झाला. तोपर्यंत त्यानं कधी स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, घातले नव्हते की आखीव ट्रॅकवर पाऊल ठेवलं नव्हतं. १९४७ चा हिवाळा इंग्लंडमध्ये भयंकर गेला. ट्रॅकवर साठलेलं बर्फ फावड्यानं उपसायला जे विद्यार्थी झटले त्यांत हा पोरगा होता, आणि ती मेहनत बघून त्याला केंब्रिजविरुद्धच्या सामन्यात मैलासाठी तिसरा खेळाडू म्हणून घेतलं. तिसरा म्हणजे भरतीचा. तो ४ मिनिटं ३०.८ सेकंदांत पहिला आला. सरांच्या गोष्टीत हा भाग सगळ्यांत लांबायचा. फावडं कसं धरायचं याचं प्रात्यक्षिकसुद्धा व्हायचं आणि आमची दोरी तोवर सैल पडलेली असायची.

पुढे तो विद्यापीठाच्या ॲथलेटिक क्लबचा अध्यक्ष झाला. अध्यक्ष झाल्यावर त्यानं ज्या कामाचा पाठपुरावा केला ते म्हणजे हा तीन फेऱ्यांचा, उंचसखल जुना ट्रॅक काढून टाकणं. त्याच्या जागी ४४० यार्डांचा, सहा लेनचा नवा ट्रॅक व्हावा यासाठी तो मागे लागला. नवा ट्रॅक १९५० मध्ये तयार झाला. एक मैल म्हणजे १,७६० यार्ड, म्हणजे आता बरोबर चार फेऱ्या. प्रत्येक फेरीला मिनिटभर दिलं की चार मिनिटं. डोक्यातल्या डोक्यात हिशेब मांडायला याहून सोपा ट्रॅक नाही.

आता ६ मे १९५४. मैलाचा विक्रम तेव्हा स्वीडनच्या गुंडर हेगच्या नावावर होता, ४ मिनिटं १.४ सेकंद, १९४५ पासून. ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी आणि अमेरिकेचा वेस सँटी दोघेही चार मिनिटांच्या मागे लागलेले. बॅनिस्टर एव्हाना लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये शिकत होता. त्या दिवशी सकाळी तो हॉस्पिटलात होता. तिथल्या प्रयोगशाळेतल्या सहाणेवर त्यानं बुटांचे खिळे घासून धारदार केले आणि राख चिकटू नये म्हणून त्यांना ग्रॅफाइट चोळलं. मग पॅडिंग्टनहून गाडी धरून ऑक्सफर्ड. सामना तीच १८८० ची असोसिएशन विरुद्ध ऑक्सफर्ड विद्यापीठ असा होता. विद्यापीठ सोडलेलं असल्यामुळे बॅनिस्टर असोसिएशनकडून उभा राहिला. म्हणजे जो ट्रॅक त्यानं स्वतः मागे लागून करून घेतला, त्यावर तो त्या दिवशी पाहुण्या संघातला.

पाऊस होऊन गेला होता आणि वारा जोरात. धावायचं की नाही हे त्यानं शेवटपर्यंत नक्की केलं नव्हतं. शेजारच्या सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्चच्या मनोऱ्यावर निशाण होतं. ते फडफडायचं थांबून जरा लोंबायला लागलं तेव्हा त्यानं होकार दिला. संध्याकाळी सहाची वेळ. ख्रिस ब्रॅशर पुढे धावून वेग ठरवणार, तो दमला की ख्रिस चॅटअवे पुढे येणार आणि शेवटी बॅनिस्टर सुटणार, असं ठरलेलं. पहिल्यांदा ब्रॅशरनं बंदुकीआधीच पाय उचलला, म्हणून पुन्हा सुरुवात करावी लागली. पहिली फेरी ५७.५ सेकंद. वेग कमी वाटून बॅनिस्टर मागून 'आणखी जोरात' म्हणून ओरडला, ब्रॅशरनं लक्षच दिलं नाही, आणि ते शहाणपणाचंच ठरलं. पुढच्या फेऱ्या ६०.७ आणि ६२.३. शेवटच्या फेरीला ५९.५ च्या आत यावं लागणार होतं. ती निघाली ५८.९.

निकाल पुकारणारे होते नॉरिस मॅकव्हर्टर. पुढे भावाबरोबर गिनेस बुकचे संपादक झाले ते हेच. त्यांनी मुद्दाम ताणलं. मैदानाचा विक्रम, इंग्लिश विक्रम, ब्रिटिश, युरोपियन, साम्राज्याचा, जागतिक, अशी माळ लावून मग म्हणाले, 'वेळ, तीन...' त्या 'तीन'च्या पुढचं कोणाला ऐकूच गेलं नाही. तीन हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. पुढचं होतं, मिनिटं ५९.४ सेकंद. सर हा 'तीन' इतका जोरात म्हणत की स्टाफरूममधून बाई डोकावून बघायच्या.

सरांचं म्हणणं असं की ट्रॅक बदलला नसता तर विक्रम झालाच नसता. हे मला तेव्हाही जरा जास्तच वाटायचं. ४६ दिवसांनी फिनलंडमधल्या तुर्कूला लँडी याहून लवकर मैल संपवून मोकळा झाला, त्याला काही इफ्ली रोड लागला नाही. शिवाय त्याच ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरला दोघे समोरासमोर आले आणि बॅनिस्टर जिंकला, तो ट्रॅकही दुसराच होता. विक्रम कुठेतरी होणारच होता. पण तो ऑक्सफर्डला, त्याच संध्याकाळी, मोसमाच्या सुरुवातीलाच झाला, याचं श्रेय नव्या ट्रॅकला द्यावंच लागतं. तीन फेऱ्यांच्या उंचसखल ट्रॅकवर विक्रमाची आशा धरून कोण आलं असतं?

आणखी एक नाव. त्या शर्यतीत तिसरा आला टॉम ह्युलॅट, डर्बीशरमधल्या टिबशेल्फ गावचा. तो कुठल्या विद्यापीठाचा नव्हता, असोसिएशनकडून धावणारा साधा कष्टकरी माणूस. वेळ ४ मिनिटं १६ सेकंद. १८८० मध्ये ती अट निघाली नसती तर तो तिथे नसता. दुसरा आलेला चॅटअवे पुढे मंत्री झाला, ब्रॅशर ऑलिंपिक विजेता झाला आणि लंडन मॅरेथॉनच्या संस्थापकांपैकी एक ठरला. ह्युलॅटचं नाव मात्र इतक्या वर्षांत मी सरांशिवाय दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

आता तालुक्याच्या स्पर्धेतला किस्सा सांगायलाच हवा. २०० मीटरच्या ट्रॅकवर २०० मीटरची शर्यत म्हणजे पूर्ण फेरी आपापल्या लेनमध्ये, त्यामुळे बाहेरच्या लेनवाल्यांना पुढून सोडावं लागतं. किती पुढून? यातली गंमत अशी की मैदान लहान असो की मोठं, उत्तर तेच येतं. लेनची रुंदी १.२२ मीटर, तिला दोन पायनं (२π) गुणा: ७.६७ मीटर. मात्र नियमांच्या पुस्तकात दुसऱ्या लेनसाठी ७.०४ दिलेले असतात, कारण तिथे आतल्या कडेला कर्ब, म्हणजे उंच कठडा, आहे असं गृहीत धरलेलं असतं. कर्ब असला की पाय आपटेल म्हणून धावणारा ३० सेंटीमीटर बाहेरून जातो. नुसती फक्कीची रेघ असेल तर २० सेंटीमीटर. त्या वर्षी आयोजकांनी पुस्तकातला तक्ता जसाच्या तसा उचलला होता, आणि मैदानावर कर्ब तर नव्हताच. म्हणजे पहिल्या लेनवाल्याला बाकी सगळ्यांपेक्षा ६३ सेंटीमीटर कमी.

सरांनी हरकत घेतली. पंच म्हणाले, पुस्तकात लिहिलंय. सर म्हणाले, पुस्तक मीही वाचलंय, तळटीपही वाचलीय. बराच वेळ वाद. मग सरांनी मला हाक मारली, 'काय गं, टेप आणलीस ना?' तालुक्याच्या मैदानावर, आठ शाळांच्या मुलांसमोर, आम्ही सुरुवातीच्या रेघा पुसून पुन्हा मारल्या. ६३ सेंटीमीटर म्हणजे वीतभरच्या तीन-चार पट, पण छातीनं जिंकायच्या शर्यतीत तेवढं खूप झालं. आमची मुलगी पहिल्याच लेनमध्ये होती. तिला मिळणारी सवलत सरांनी स्वतःच्या हातानं काढून घेतली, आणि ती दुसरी आली. परतीच्या एसटीत ती सरांशी बोलली नाही.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हा तिला म्हटलं, बाकी कॉलेजं राहू देत, मला इफ्ली रोडला ने. चर्चचा मनोरा ट्रॅकवरून दिसतो, अगदी जवळ. राखेचा ट्रॅक कधीच गेला, आता सिंथेटिक आहे, शेजारी पोहण्याचा तलाव, जिम आणि काय काय. मैदानाला आता बॅनिस्टरचं नाव आहे आणि त्या शर्यतीची आठवण म्हणून एक फलकही. मैदान मोकळं होतं. दोन मुलं वळणावर बॅटन बदलायचा सराव करत होती आणि दर वेळी बॅटन खाली पडत होतं.

ट्रॅक आता ४०० मीटरचा. म्हणजे बॅनिस्टरनं जिथे बरोबर चार फेऱ्या मारल्या तिथे आज मैल धावायचा तर चार फेऱ्यांचे १,६०० झाल्यावरही ९ मीटर ३४ सेंटीमीटर उरतात, आणि सुरुवात तेवढी मागून करावी लागते. मुलीला हे समजावलं तर ती म्हणाली, आई, फोटो काढू का आता?

तिथूनच सरांना फोन लावला. आता ऐकायला कमी येतं त्यांना, दोनदा सांगावं लागलं मी कुठे उभी आहे ते. मला वाटलं ते फलकाबद्दल विचारतील, नाहीतर निशाणाबद्दल. ते म्हणाले, 'आतल्या कडेला कर्ब आहे का बघ.'

आहे म्हटलं.

'मग सात पॉइंट शून्य चार,' म्हणाले, आणि परदेशातल्या फोनला पैसे पडतात म्हणून ठेवूनही दिला.